सीएचएन विश्लेषण सेवा : अहवालातील चार रकाने आणि त्यांतून निघणारे सूत्र

रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी आमचा विभाग गेली काही वर्षे एका विद्यापीठाच्या मध्यवर्ती उपकरण केंद्रातील सीएचएन विश्लेषण सेवा वापरत आहे. नवे संयुग तयार झाले, स्फटिक स्वच्छ दिसले, द्रवणांकही नेमका आला, की त्यातील कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन यांचे शेकडा प्रमाण मोजून घेण्यासाठी नमुना तेथे पाठवला जातो आणि आलेल्या आकड्यांवरून आधी एम्पिरिकल सूत्र (अणूंचे सर्वांत साधे पूर्णांकी प्रमाण), मग रेणुसूत्र (एका रेणूतील अणूंची प्रत्यक्ष संख्या) काढले जाते. केंद्राचे नाव येथे देत नाही, कारण जे सांगायचे आहे ते अशा बहुतेक केंद्रांना कमीअधिक लागू पडेल. माझे मत आधीच सांगतो : मोजमाप विश्वासार्ह आहे, नमुना हाताळणारी माणसे जाणकार आहेत, मात्र अहवालाचा नमुना विद्यार्थ्याची दिशाभूल करणारा आहे, आणि हा दोष कागदावरच्या एका रकान्यात आहे.

नमुना स्वीकारण्याची पद्धत ही या सेवेची सर्वांत चांगली बाजू आहे. अर्जात अपेक्षित सूत्र, द्रवणांक, स्फटिकीकरणाचे द्रावक, नमुना हवेतील ओलावा शोषतो का, त्यात फ्लोरीन, फॉस्फरस किंवा धातू आहे का आणि तो स्फोटक असू शकतो का, असे प्रश्न विचारलेले असतात. पुष्कळ विद्यार्थी हे रकाने कंटाळून कोरे सोडतात, पण खिडकीवरील तंत्रज्ञ कोरा अर्ज घेत नाहीत आणि प्रत्येक प्रश्नामागचे कारण शांतपणे समजावून सांगतात. फ्लोरीन असलेले संयुग जळताना हायड्रोजन फ्लोराइड तयार होऊन क्वार्ट्झची नळी खराब होते. अझाइड किंवा परक्लोरेट असलेला नमुना भट्टीत पडताच धडाका होऊ शकतो. काही धातू कार्बनला कार्बाइडच्या रूपात धरून ठेवतात आणि कार्बनचे वाचन कमी येते. हे एकदा नीट ऐकले की विद्यार्थी पुढच्या वेळी अर्ज मनापासून भरतो. नमुना पाठवण्याआधी तो निर्वातात सुकवावा, गाळणकागदाचे तंतू, सिलिका जेलचे कण आणि काचेच्या सांध्यांना लावलेले ग्रीस त्यात येऊ देऊ नये, हेही अर्जाच्या मागील बाजूस स्वच्छ मराठीत छापलेले आहे, ही गोष्ट मला विशेष आवडली.

विनंती केल्यास केंद्र विद्यार्थ्यांना मोजणी पाहू देते, आणि ही संधी प्रत्येकाने घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन. कथिलाच्या पातळ पत्र्याची, दाण्याएवढी कुपी चिमट्याने सूक्ष्म तराजूवर ठेवली जाते आणि शून्य केली जाते. मग बारीक पळीच्या टोकाने दोन ते तीन मिलिग्रॅम नमुना तिच्यात सोडला जातो. कुपीचे तोंड दाबून, घडी घालून तिची लहानशी गोळी केली जाते, म्हणजे आत हवा राहत नाही, आणि पुन्हा वजन घेतले जाते. हा तराजू मिलिग्रॅमचा हजारावा भाग दाखवतो, आणि त्याची गरजही असते, कारण अडीच मिलिग्रॅम नमुन्यात ०.०१ मिलिग्रॅमची चूक झाली तर प्रत्येक वाचन आपल्या किमतीच्या ०.४ टक्क्याने सरकते. पन्नास टक्के कार्बन असलेल्या संयुगात केवळ एवढ्यानेच ०.२ चा फरक पडतो. पळी टेबलावर ठेवताना तंत्रज्ञांचा हात किती हलका असतो, हे पाहिल्यावर अहवालातील दुसऱ्या दशांश स्थळाचे मोल कळते.

पुढचे काम यंत्र करते. कुपी साधारण एक हजार अंश सेल्सिअस तापमानाच्या नळीत पडते, त्याच क्षणी शुद्ध ऑक्सिजनचा ठरावीक साठा आत सोडला जातो, कथिल स्वतःच पेट घेते आणि त्या जागचे तापमान काही क्षण १८०० अंशांच्या आसपास जाते. संयुगातील सर्व कार्बनचा कार्बन डायऑक्साइड, सर्व हायड्रोजनचे पाणी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड होतात. हेलियमच्या प्रवाहाबरोबर हे वायू तापलेल्या तांब्यावरून जातात, तेथे उरलेला ऑक्सिजन शोषला जातो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडचे पुन्हा नायट्रोजन वायूत रूपांतर होते. शेवटी स्तंभातून नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी एकामागोमाग बाहेर पडतात आणि उष्णता-वाहकतेवर चालणारा शोधक प्रत्येकाचे प्रमाण नोंदवतो. अडीच मिलिग्रॅम कॅफीन जाळले तर सुमारे ४.५३ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १.१६ मिलिग्रॅम पाणी निघते. वर्गात फळ्यावर आपण याच्या उलट जातो : कार्बन डायऑक्साइडच्या वजनाला १२.०११ भागिले ४४.०१ ने, पाण्याच्या वजनाला २.०१६ भागिले १८.०१५ ने गुणतो आणि मूळ नमुन्यातील कार्बन व हायड्रोजन मिळवतो. यंत्र वजन न करता संकेताचे क्षेत्रफळ मोजते, एवढाच फरक आहे. हिशोब तोच आहे.

हा हिशोब किती कष्टाने उभा राहिला, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. युस्टुस फोन लीबिग यांनी १८३१ मध्ये जर्मनीतील गीसेन येथे पाच फुग्यांचे काचेचे उपकरण वापरात आणले. त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असे, ज्वलनातून आलेला कार्बन डायऑक्साइड त्यात शोषला जाई आणि उपकरणाचे आधीचे व नंतरचे वजन घेतले की कार्बन कळे. पाणी त्याआधीच्या कॅल्शियम क्लोराइडच्या नळीत अडकलेले असे. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात हे उपकरण आजही दिसते. पुढे ऑस्ट्रियातील ग्राझ येथील फ्रिट्झ प्रेगल यांच्या हाती पित्ताम्लांच्या अभ्यासात इतका थोडा पदार्थ येऊ लागला की जुन्या रीतीने विश्लेषण अशक्य झाले. तेव्हा त्यांनी तराजूपासून नळ्यांपर्यंत सारी पद्धत काही मिलिग्रॅम नमुन्यावर आणली, आणि त्याबद्दल त्यांना १९२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज एखादा विद्यार्थी महिनाभराच्या कामातून मिळालेल्या चिमूटभर पदार्थातून तीन मिलिग्रॅम सहज देऊ शकतो आणि उरलेल्यावर आपले काम पुढे नेऊ शकतो, ही त्यांचीच देणगी आहे.

आता अहवालाकडे वळतो. तो एका पानाचा असतो आणि त्यात चार रकाने असतात : कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन. चौघांची बेरीज नेहमी नेमकी १०० येते. सारा घोटाळा या नेमकेपणात आहे. यंत्राने मोजलेले असतात ते पहिले तीन घटक. चौथा आकडा शंभरातून त्या तिघांची बेरीज वजा करून छापलेला असतो आणि तसे कोठेही लिहिलेले नसते. ऑक्सिजन प्रत्यक्ष मोजायचा तर नमुना ऑक्सिजनविना कार्बनवर तापवून, त्यातील ऑक्सिजनचे कार्बन मोनॉक्साइड करून, वेगळ्या मांडणीत मोजावा लागतो. ते काम या सेवेत होत नाही. त्यामुळे पहिल्या तीन वाचनांतील प्रत्येक चूक, नमुन्यातील ओलावा, उरलेले द्रावक, न जळलेली राख, एवढेच नव्हे तर अर्जात न सांगितलेले क्लोरीनसुद्धा, सारे ‘ऑक्सिजन’ या नावाखाली चौथ्या रकान्यात जमा होते.

याचा परिणाम काय होतो ते एका प्रत्यक्ष नमुन्यावरून दाखवतो. आमच्या एका विद्यार्थिनीने चहाच्या पुडीतून कॅफीन काढले, डायक्लोरोमीथेनने निष्कर्षण केले, पाण्यातून स्फटिक करून घेतले आणि ते हवेत सुकवून पाठवले. अहवाल आला तो असा : कार्बन ४७.२, हायड्रोजन ५.५, नायट्रोजन २७.६, ऑक्सिजन १९.७. पाठ्यपुस्तकातील रीतीने तिने प्रत्येकाला अणुवस्तुमानाने भागले आणि कार्बन ३.९३०, हायड्रोजन ५.४५६, नायट्रोजन १.९७०, ऑक्सिजन १.२३१ असे मोल मिळवले. मग रीतीप्रमाणे सर्वांत लहान आकड्याने, म्हणजे ऑक्सिजनच्या १.२३१ ने, भागले. गुणोत्तर आले ३.१९ : ४.४३ : १.६० : १. त्याला ५ ने गुणल्यावर कार्बन १६, हायड्रोजन २२, नायट्रोजन ८ आणि ऑक्सिजन ५ असे पूर्णांकांच्या फार जवळचे, दिसायला निर्दोष सूत्र तयार झाले. हिशोबात कोठेही चूक नव्हती, तरी या सूत्राचा रेणू त्या कुपीत नव्हता.

याच आकड्यांना नायट्रोजन आधार धरून पाहावे. नायट्रोजन प्रत्यक्ष मोजलेला आहे आणि पाणी किंवा डायक्लोरोमीथेन यांपैकी कशातही तो नाही. नायट्रोजन ४ धरला तर कार्बन ७.९८, हायड्रोजन ११.०८ आणि ऑक्सिजन २.५० येतो. कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण २ : १ इतके चोख आहे की पदार्थाच्या मूळ सांगाड्याबद्दल शंका उरत नाही, आणि हायड्रोजनमध्ये १ व ऑक्सिजनमध्ये अर्धा, अशी जी जादा भर दिसते ती नेमकी अर्ध्या पाण्याच्या रेणूची आहे. कॅफीन पाण्यातून स्फटिकरूप होताना पाणी सोबत घेते आणि कोरड्या हवेत ते हळूहळू सोडते, म्हणून अर्धवट सुकलेल्या नमुन्यात असे मधलेच प्रमाण सापडते. डायक्लोरोमीथेन मागे राहिले असते तर चित्र वेगळे दिसले असते : कार्बनचे नायट्रोजनशी असलेले प्रमाण थोडे वाढले असते आणि क्लोरीनचे वजन ऑक्सिजन म्हणून छापले गेले असते.

तोच नमुना १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये सुकवून, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारा पदार्थ ठेवलेल्या बंद भांड्यात) थंड करून पुन्हा पाठवला. या वेळी कार्बन ४९.३, हायड्रोजन ५.२, नायट्रोजन २८.७ आणि वजाबाकीने ऑक्सिजन १६.८ असे आकडे आले. नायट्रोजन २ धरून भागल्यावर कार्बन ४.०१, हायड्रोजन ५.०४, ऑक्सिजन १.०२. एम्पिरिकल सूत्र ४ : ५ : २ : १ निश्चित झाले. हेच आकडे ऑक्सिजनने भागले असते तर ३.९१ : ४.९१ : १.९५ : १ असे सगळेच थोडे कमी पडले असते, कारण ऑक्सिजनच्या आकड्यात इतर तिघांच्या त्रुटी साठलेल्या असतात. सर्वांत लहान संख्येने भागण्याची सवय आपण अकरावीपासून लावतो आणि परीक्षेतील उदाहरणात ती चालते, कारण तेथील चारही आकडे सारखेच खरे मानलेले असतात. प्रयोगशाळेच्या अहवालात मात्र ज्या आकड्यावर सर्वांत जास्त भरवसा आहे त्याने भागावे. माझ्या मते ही एक गोष्ट पदव्युत्तर वर्गात आवर्जून शिकवली गेली पाहिजे, आणि केंद्राने चौथ्या रकान्याखाली ‘वजाबाकीने’ एवढा एक शब्द छापला तर ती शिकवणे किती तरी सोपे होईल.

रेणुसूत्रासाठी याच केंद्रातील मास स्पेक्ट्रोमीटरची, म्हणजे रेणूचे वस्तुमान दाखवणारा वर्णपट देणाऱ्या यंत्राची, सेवा घ्यावी लागते आणि दोन्ही अर्ज एकाच वेळी भरता येतात, ही मोठी सोय आहे. एम्पिरिकल सूत्राचे वस्तुमान ९७.१० आहे, वर्णपटात प्रोटॉन जोडलेल्या रेणूचा संकेत १९५ वर, म्हणजे रेणुवस्तुमान १९४, भागाकार २. म्हणून कार्बन ८, हायड्रोजन १०, नायट्रोजन ४, ऑक्सिजन २. पहिल्या अहवालातून निघालेल्या सूत्राचे वस्तुमान ४०६.४ होते आणि वर्णपटात त्याचा मागमूसही नव्हता. ज्वलनाचे आकडे आणि वर्णपट असे शेजारी ठेवले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो : वर्णपट शुद्धतेबद्दल फारसे बोलत नाही आणि ज्वलन रेणूच्या आकाराबद्दल काहीच बोलत नाही. अ‍ॅसिटिलीन आणि बेंझीन या दोघांतही कार्बन ९२.२६ टक्केच असतो. लांब साखळीच्या हायड्रोकार्बनमध्ये तर अडचण आणखी वाढते. वीस कार्बनच्या अल्केनमध्ये कार्बन ८५.०२ टक्के आणि एकवीस कार्बनच्या अल्केनमध्ये ८५.०५ टक्के; हा फरक कोणत्याही सीएचएन यंत्राच्या आवाक्याबाहेरचा आहे. अशा संयुगासाठी या सेवेवर पैसे खर्च करताना शुद्धतेचा पुरावा मिळेल, सूत्र मिळणार नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

अचूकतेचा प्रश्न शोधनिबंध लिहिणाऱ्यांसाठी कळीचा आहे, कारण मोजलेले प्रमाण अपेक्षित प्रमाणाच्या ०.४ च्या आत असावे असा दंडक अनेक नियतकालिके पाळतात. आमच्या अनुभवात नीट सुकवलेल्या नमुन्यांची वाचने बहुतेक वेळा या मर्यादेत बसली आहेत. ती बसली नाहीत तर विद्यार्थी लगेच यंत्राला दोष देतात, आणि काही जण हवा तो आकडा येईपर्यंत नमुना पाठवत राहतात, ही सवय मला गंभीर वाटते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात तेच शुद्ध नमुने वेगवेगळ्या देशांतील विश्लेषण सेवांकडे पाठवले गेले, तेव्हाही काही वाचने ०.४ च्या पलीकडे गेली होती. त्यामुळे हा दंडक किती कडकपणे लावावा, यावर संशोधकांत चर्चा झाली. म्हणूनच अहवालात एकाच नमुन्याच्या मोजणीच्या दोन्ही फेऱ्यांची वाचने स्वतंत्र असायला हवीत आणि त्या दिवशी यंत्राने प्रमाणित पदार्थाचे किती वाचन दिले तेही हवे. हे केंद्र अ‍ॅसिटॅनिलाइड वापरते. त्याची अपेक्षित प्रमाणे कार्बन ७१.०९, हायड्रोजन ६.७१ आणि नायट्रोजन १०.३६ अशी आहेत. ते वाचन हाती असेल तर दोष नमुन्यात आहे की यंत्रात, हे विद्यार्थी स्वतः ठरवू शकतो. सध्याच्या अहवालात दोन फेऱ्यांची केवळ सरासरी छापली जाते आणि प्रमाणित पदार्थाचा उल्लेखही नसतो, हा माझा दुसरा आक्षेप आहे.

शुल्क विद्यापीठातील विद्यार्थ्यांना परवडणारे आहे, बाहेरच्या महाविद्यालयांना त्याहून जास्त, आणि उद्योगांना बरेच जास्त. बाहेरच्यांना वस्तू व सेवा कर वेगळा भरावा लागतो, त्यामुळे मार्गदर्शकाने अंदाजपत्रकात तो धरून ठेवावा. अहवालाला लागणारा वेळ मात्र बेभरवशाचा आहे. नळीतील उत्प्रेरक आणि तांबे ठरावीक नमुन्यांनंतर बदलावे लागतात, आणि हेलियम आपल्या देशात जवळजवळ सगळा आयात होत असल्याने सिलिंडर वेळेवर न आल्यास यंत्र थांबते. हे समजण्यासारखे आहे, पण यंत्र थांबल्याची सूचना संकेतस्थळावर उशिरा लागते आणि प्रबंध सादर करण्याच्या दिवसांत दूरवरून नमुना घेऊन आलेल्याला हेलपाटा पडतो. मुंबईच्या आयआयटीतील अत्याधुनिक विश्लेषण उपकरण केंद्र आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा हे महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना परिचित असलेले पर्याय आहेत. शिवाय देशभरातील उपकरणांची नोंद असलेल्या आय-स्टेम या सरकारी संकेतस्थळावर जवळचे यंत्र शोधता येते. टपालाने नमुना पाठवायचा असेल तर झाकणाच्या काचेच्या कुपीत, पॅराफिल्म लावून, आणि शक्यतो पावसाळा टाळून पाठवावा. कोकणातून जुलैमध्ये निघालेला ओलावा शोषणारा क्षार वाटेतच आपले सूत्र बदलतो.

कोणाला ही सेवा घ्या म्हणून सांगावे? सेंद्रिय संयुगे करणाऱ्या, नमुना नीट सुकवण्याची तयारी असलेल्या विद्यार्थ्यांना निःशंकपणे. धातूंची जटिल संयुगे किंवा फ्लोरीनयुक्त पदार्थ करणाऱ्यांनी आधी तंत्रज्ञांशी बोलावे. सहज न जळणाऱ्या नमुन्यात ते व्हॅनेडियम पेंटॉक्साइड मिसळून मोजणी करतात, मात्र ते आपल्याला मागावे लागते. गंधकाचे वाचन हवे असेल तर त्यासाठी वेगळी मांडणी आणि वेगळा दिवस असतो, त्यामुळे अर्जावर सीएचएनऐवजी सीएचएनएस असे स्पष्ट लिहावे. आणि अर्जाच्या शेवटी ‘विशेष सूचना’ म्हणून जो रिकामा चौकोन आहे, त्यात दोन्ही फेऱ्यांची वाचने, घेतलेले वजन आणि त्या दिवशीचे अ‍ॅसिटॅनिलाइडचे वाचन द्यावे, अशी विनंती करावी. आमचा विभाग तसे लिहू लागल्यापासून ही सारी माहिती तंत्रज्ञांच्या हस्ताक्षरात, अहवालाला टाचलेल्या वेगळ्या कागदावर, कोणतेही जादा शुल्क न आकारता मिळते.